हौशा आणि इंजिन

गुढीपाडव्याच्या दिवशी दुपारी जालना रोडवरच्या आमच्या रसवंतीचे इंजिन पहिल्यांदा बंद पडले. चरकात ऊस अर्धवट अडकलेला होता आणि बाकावर जीपमधून उतरलेली सहा-सात माणसे ग्लासांची वाट पाहत बसली होती. घुंगरे आधी मंदावली, मग थांबली. त्यानंतर अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवसापर्यंत इंजिन बंद पडत राहिले. मधले चार दिवस ते नीट चालले. त्या चार दिवसांची हकीकत पुढे येईल.

रसवंती करमाडच्या अलीकडे, आमच्याच शेताच्या बांधाला लागून होती. वर पाचटाचे छप्पर, समोर दोन बाक, एका कोपऱ्यात गोणपाटात आणि लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी. ऊस आमच्या विहिरीवरचा, लिंबे शेजारच्या मळ्यातली. मागे चिपाडांचा ढीग वाळत पडे आणि घरची चूल त्याच चिपाडांवर पेटे, त्यामुळे उन्हाळाभर आमच्या भाकरीला गोडसर धुराचा वास असे. आता तो रस्ता रुंद झाला आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांच्या बसगाड्या तिथून सारख्या जातात आणि छप्पर होते तिथे पंक्चरचे दुकान आहे. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. आम्ही घरात दोन्हीपैकी काहीच म्हणत नसू. आमच्यासाठी ते नुसते शहर होते.

इंजिन येण्याआधी चरक बैल ओढत असे. त्याचे नाव हौशा. चरकाला जोडलेला लांब दांडा त्याच्या मानेवर असे, तो गोल फिरे आणि त्याच्यामागे मी फिरे. शाळा सुटली की आणि सुटीत दिवसभर, हे माझे काम होते. हौशा स्वभावाने गरीब, पण विचारी होता. मोठी गाडी भोंगा वाजवत गेली की तो थांबे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाही. कोणी बाकावरून उठले की गिऱ्हाईक संपले असे समजून थांबे. दांड्याला घुंगरे बांधली होती, ती थांबली की छपरातून आजोबांचा आवाज येई, "सुमे, झोपली का बैल झोपला?" आजोबांना सगळे आबा म्हणत. ते गल्ल्यावर बसत, ग्लास भरत आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचे गाव विचारत. चरकात ऊस घालायचे काम माझे काका, दामूकाका, करीत. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीने जात, त्यामुळे ते एक तर ड्युटीवर असत किंवा झोपलेले. काकू त्या उन्हाळ्यात बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. ग्लास विसळणे, स्वयंपाक आणि बाकीचे सगळे आईकडे होते.

इंजिन वडिलांनी आणले. दौलताबादच्या एका सीताफळाच्या बागवाल्याने पाण्यासाठी नवे घेतले होते आणि जुने विकायला काढले होते. एका माणसाला जेमतेम उचलता येईल एवढे, चार स्ट्रोकचे. पुढे एक छोटी पेट्रोलची टाकी, वर मोठी घासलेटची. दोरी गुंडाळून हिसका द्यायचा, पेट्रोलवर सुरू करायचे आणि गरम झाले की चावी फिरवून घासलेटवर घ्यायचे. त्याच्याबरोबर पट्ट्यावर फिरणारा चरकही आला. दामूकाकांनी हौशाच्या दांड्यावरची घुंगरे सोडून नव्या चरकाच्या चाकाला बांधली, कारण घुंगरांशिवाय रस असतो हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. जुना चरक छपरामागे होता तिथेच राहिला. आबांनी तो हलवू दिला नाही.

वडिलांनी इंजिन आणले ते माझ्यासाठी. शहरात गुलमंडीजवळ मराठी टायपिंगचा क्लास होता आणि अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारपासून नवी तुकडी सुरू होणार होती. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. वडिलांच्या कारखान्याच्या कार्यालयात एक बाई टायपिंग करीत. त्या पंख्याखाली खुर्चीवर बसतात आणि साहेबसुद्धा त्यांच्याशी अहोजाहो बोलतात, हे वडिलांनी घरी एकदा सांगितले होते. आईने ते वाक्य पाठ केले होते. पण मी शहरात गेले तर हौशामागे कोण फिरणार, या प्रश्नाला घरात उत्तर नव्हते. इंजिन हे ते उत्तर होते.

आबांना ते उत्तर पसंत नव्हते. त्यांनी विरोधही केला नाही. त्यांनी अट घातली. "आकितीपर्यंत बघू," ते म्हणाले. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आकिती म्हणतात. "तवर हे नीट चाललं तर पोरीला जाऊ द्या. नाय चाललं तर हौशा हायेच. हौशा थांबला तर त्याला हाक मारता येती. ह्याला काय म्हनून हाक मारावी?"

आई डोक्यावर पदर घेऊन ग्लास विसळत होती. ती आबांशी थेट बोलत नसे. सासऱ्यांशी काही बोलायचे असेल तर ती मला सांगे आणि आबा ते ऐकत असूनही मी म्हणेपर्यंत थांबत. ती मला म्हणाली, "सुमे, मामांना सांग, चालंल म्हनावं."

"आबा, चालंल म्हणते आई."

"ऐकलं," आबा म्हणाले.

आल्यापासून पाडव्यापर्यंतचे दिवस इंजिन व्यवस्थित चालले. पाडव्याला सकाळी आईने दारात गुढी उभारली, सगळ्यांना कडुलिंबाचा पाला आणि गूळ दिला आणि मग ताट घेऊन रसवंतीवर आली. आमच्याकडे ज्याच्यावर पोट त्याला हळदीकुंकू, मग तो नांगर असो, मोट असो की बैल. हौशाला ते रोज मिळत होते. आता इंजिनाची पाळी होती. आईने त्याला साखरेची गाठी घातली, पहिला ग्लास त्याच्यापुढे ठेवला, त्याच रसात बोट बुडवून हळदीकुंकू कालवले आणि लावले. हात जोडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आले. ती म्हणाली, "नीट चाल बाबा. पोरगी जाऊ दे."

दुपारी ते बंद पडले.

पहिला अंदाज दामूकाकांचा होता. घासलेट संपले असेल. त्यांनी मोठ्या टाकीचे टोपण फिरवले. टोपण सैल होताना सुस्स असा बारीक आवाज आला. टाकी भरलेली होती. त्यांनी टोपण परत लावले, दोरीला हिसका दिला आणि इंजिन सुरू झाले. जीपमधल्या माणसांना रस मिळाला. ते गेले आणि काही वेळाने इंजिन पुन्हा बंद पडले. पुन्हा टोपण, पुन्हा सुस्स, पुन्हा भरलेली टाकी, पुन्हा हिसका. हा क्रम पुढचे कितीतरी दिवस चालला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला होता. आबांनी तर त्याचा अर्थही लावला होता. "जीव सोडायलंय," ते म्हणायचे.

दुसरा अंदाज घासलेटात पाणी असल्याचा होता. हा अंदाज सर्वांना पटला, कारण रेशनच्या घासलेटाबद्दल कोणाचेच मत चांगले नव्हते. दामूकाकांनी सगळे घासलेट एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, तिथून फडक्यातून तिसऱ्या बाटलीत असे गाळले. पाणी निघाले नाही, एक मुंगळा निघाला. मुंगळ्याला दोषी धरून त्या दिवशी टाकी पुन्हा काठोकाठ भरण्यात आली. इंजिन नेहमीपेक्षा लवकर बंद पडले. हे आम्ही पुढेही पाहिले. टाकी अर्धी असली की ते बराच वेळ चाले, भरली की लगेच थांबे. कारण कोणाला सांगता येत नव्हते. आबांनी सांगितले, "आपल्या दाम्यासारखंच हाय. पोट भरलं की झोपतंय."

दामूकाका म्हणाले, "मग मला कामून उठवता जेवल्यावर? मला पन हिसका द्या की."

इंजिन जितके जास्त वेळा बंद पडे, तितकी आईची पूजा वाढे. पहिल्या दिवशी कुंकवाचे बोट होते. आठवड्याभरात त्यावर अक्षता आल्या, मग शेंदूर आला. सकाळी रसवंती उघडताना पहिला रस निघाला की ती त्याचेच चार थेंब घेऊन हळदीकुंकू कालवे. दुपारपर्यंत उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने ते वाळून लाखेसारखे कडक होई. दुसऱ्या दिवशी ती वरवर फडक्याने पुसून त्यावर नवे लावी. तिला माझे जाणे हवे होते. ती मला भाकरी थापताना विचारे, "कळफलकावर अक्षरं उलटीसुलटी असत्यात म्हनं. तुला गावतील का?" मी गावतील म्हणे. मी तोवर टाइपरायटर पाहिलेला नव्हता. चुलीपुढे बसून तव्याच्या कडेवर बोटे आपटत मी सराव करी आणि आई म्हणे, "भाजून घेशील, मग कशानं मारशील?"

शेवटी वडिलांनी शहरातून सलीमभाईंना आणले. सलीमभाईंचे पंप आणि इंजिने दुरुस्त करण्याचे गॅरेज होते. ते स्कूटरवर आले, आधी फुल ग्लास रस प्यायले, मग लिंबू जास्त घालून आणखी एक, आणि मग पिशवीतून नटबोल्टचे पाने काढले. त्यांनी आम्हाला इंजिन समजावून सांगितले. मला चार स्ट्रोक म्हणजे काय ते त्या दिवशी कळले आणि नंतर कोणत्याही पुस्तकातून त्याहून चांगले कळले नाही. "देखो आबा," मूठ पुढेमागे करीत ते म्हणाले, "खेचना, दबाना, जलाना, फेकना. चार काम. बस, इत्ताच करता ये."

दामूकाका म्हणाले, "म्हंजी ऊस खाल्ल्यावानीच. वढायचा, चावायचा, गिळायचं आन् चोथा थुकायचा."

"बराबर. आप भी फोर स्ट्रोक है," सलीमभाई म्हणाले. "और इंजिन को तीन चीजां होना. तेल, हवा, चिंगारी. तीनों मिले तो नको बोलताच नहीं."

त्यांनी प्लग काढला, काळा झालेला होता, तो टाकून नवा बसवला. कार्बोरेटर उघडून फुंकला. हवेच्या जाळीवर चिपाडाचे बारीक कूस साचले होते, ते झटकले. टाकी उतरवली, नळी, गाळणी, चावी, टोपण असे सगळे सुटे भाग परातीत घासलेट घालून बुडवले आणि ब्रशने घासले. परातीतले घासलेट तांबूस झाले. "जंग है," सलीमभाई म्हणाले. संध्याकाळी सगळे जोडून त्यांनी हिसका दिला आणि अंधार पडेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. इंजिन थांबले नाही. आबांनी त्यांना वाटेसाठी उसाच्या कांड्या बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून आई बाहेरची झाली. आमच्याकडे त्या दिवसांत बाईने चुलीला, देवाला आणि रसाला हात लावायचा नाही, असा आबांचा नियम होता. नव्या यादीत त्यांनी इंजिनही घातले होते. आई मागच्या खोलीत बसली. स्वयंपाक माझ्याकडे आला आणि माझ्या भाकऱ्यांवर दामूकाकांनी बरेच काही म्हटले. त्यातले छापण्यासारखे एवढेच, की जात्याच्या जागी ठेवल्या तर पीठ दळता येईल. पिठले बरे झाले होते. कैरीचा ठेचा आईने खोलीतूनच आवाज देऊन शिकवला, "मीठ आजून, आजून, बास." पूजा त्या दिवसांत झाली नाही. मी करते म्हटले, पण आबा म्हणाले, "भाकरी आधी शिक."

ते चार दिवस इंजिन एकदाही बंद पडले नाही. उन्हाळ्याची गर्दी लागली होती. एसटी थांबे, माणसे उतरत, ग्लास भरत, घुंगरे वाजत राहत. खोलीतून आई मला विचारी, "चालू हाय?" आणि मी म्हणे, "चालू हाय." घुंगरे तिलाही ऐकू येत होती, तरी ती विचारी. चौथ्या दिवशी आबा दामूकाकांना म्हणाले, "सलीमच्या हाताला गुन हाय." त्यांच्या तोंडून ही जवळजवळ शरणागती होती. सगळ्यांनी श्रेय नव्या प्लगला दिले. मीही दिले.

पाचव्या दिवशी आई डोक्यावरून न्हाली आणि ताट घेऊन रसवंतीवर आली. ताटात त्या दिवशी नारळही होता. चार दिवसांची राहिलेली पूजा तिने एकदम केली. इंजिनाला हार घातला, हळदीकुंकवाचा जाड टिळा लावला, नारळ फोडला. दुपारच्या आत इंजिन बंद पडले.

मी आईचा चेहरा पाहिला. ती विसळलेला ग्लास पुन्हा विसळत होती. दामूकाकांनी टोपण फिरवले. सुस्स. टाकी भरलेली होती. तो दिवस आणि पुढचे दिवस पुन्हा पहिल्यासारखे गेले. सलीमभाईंना पुन्हा निरोप गेला; ते जालन्याला कामावर होते. आकितीच्या दोन दिवस आधी आबांनी छपरामागच्या जुन्या चरकाला तेल घातले. रात्री जेवताना ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, "परवा हौशा जुपू. सणाला गर्दी असती." वडिलांनी ताटावरून मान वर केली, पण अट त्यांनी मान्य केलेली होती. आई मला म्हणाली, "सुमे, मामांना भाकर वाढ."

आकितीच्या आदल्या दिवशी इंजिन सकाळीच बंद पडले. घासलेट किती आहे ते पाहायला या वेळी आबा स्वतः उठले. त्यांनी टोपण काढले, एक चिपाड टाकीत बुडवून पाहिले आणि चिपाड आम्हाला दाखवले. ते बरेच वर भिजले होते. तेवढ्यात जालन्याकडून एक एसटी येऊन थांबली. गाडीत बहुधा लग्नाहून परतणारे लोक असावेत, कारण एकदम सगळेच उतरले. आबा गल्ल्याकडे धावले. दामूकाकांनी हिसका दिला. घुंगरे वाजू लागली.

ती गाडी गेली आणि दुसरी आली. मी लिंबे कापत होते, आई ग्लास विसळत होती, आबा बर्फ फोडत होते. दामूकाका ऊस घालत होते आणि दर थोड्या वेळाने मान वळवून इंजिनाकडे पाहत होते, जसे आपण रांगणाऱ्या पोराकडे पाहतो. इंजिन चालत होते. उन्हे डोक्यावर आली, गर्दी ओसरली, जेवणे पाळीपाळीने झाली. टाकी भरलेली असूनही ते चालत होते. मग दामूकाकांच्या शर्टावर काहीतरी उडाले. त्यांनी वास घेतला आणि टाकीकडे पाहिले.

"आबा, टोपन कुठंय?"

"टाकीवर आसंल."

"टाकीवर न्हाई. घासलेट उडायलंय सगळं."

आम्ही शोधले. बाकाखाली, चिपाडात, बर्फाच्या गोणपाटाखाली. शेवटी आबांनी सुपारी काढायला कोपरीच्या खिशात हात घातला आणि टोपण बाहेर काढले. गाडी आली तेव्हा ते त्यांनी खिशात टाकले होते. दामूकाकांनी टोपण टाकीवर घट्ट बसवले. मी लिंबू कापायचे थांबवून पाहत राहिले. काही वेळाने घुंगरे मंदावली आणि थांबली.

"काढा बरं ते," मी म्हटले.

दामूकाकांनी टोपण काढले. सुस्स. हिसका दिला. इंजिन चालू झाले. पुन्हा लावले. पुन्हा काही वेळाने बंद. तिसऱ्यांदा काढले, पुन्हा चालू. बातमीदारीत नंतर मला शिकवले गेले की एकदा घडले तर योगायोग असू शकतो, दोनदा घडले तर विचारावे, तिसऱ्यांदा घडले तर लिहावे. मला ते त्या दुपारपासून माहीत होते.

"टोपण लावलं की मरतंय, काढलं की जगतंय," मी म्हटले.

"तोंड दाबल्यावर कोन जगंल," आबा म्हणाले, पण त्यांनी टोपण हातात घेतले. ते उलटे केले. आतल्या बाजूला मधोमध बारीक भोक होते. सुलटे केले. वरच्या बाजूला भोक नव्हते. तिथे हळद, कुंकू, शेंदूर आणि अक्षतांचा एकावर एक चढलेला गोल टिळा होता. मी टोपण घेऊन तोंडाला लावले आणि आतल्या भोकातून फुंकले. हवा पलीकडे गेली नाही. तोंडात घासलेटाची चव आली आणि ती रात्रीपर्यंत राहिली.

आई हात पुसत जवळ आली. तिच्या बांगडीत सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. तिने त्यातली एक काढली, टोपण माझ्या हातातून घेतले आणि पीन टिळ्याच्या मधोमध टोचली. ती सहज गेली नाही. आईने दात आवळून दाब दिला. रसाने घट्ट झालेला कुंकवाचा खडा निघून तिच्या तळहातावर पडला. तिने टोपण उजेडाकडे धरले आणि त्या भोकातून एका डोळ्याने रस्त्याकडे पाहिले. भोकातून जालना रोड दिसत होता.

टाकीतले घासलेट खाली जाते, तेवढी हवा वरून आत यावी लागते. टाकी भरलेली असेल तर आत हवेला जागा कमी, म्हणून भोक बुजले की तिथे लवकर पोकळी होते आणि घासलेट अडते. हे मी आज दोन वाक्यांत लिहू शकते. त्या दुपारी आम्ही चौघे एका टोपणाभोवती उभे होतो आणि प्रत्येकाला ते आपापल्या वेळी समजत गेले. दामूकाकांना सर्वांत आधी समजले. ते खाली बसले आणि हसू लागले. "वैनी," ते म्हणाले, "तुमी हात जोडून त्याचं नाकच दाबायलात व्हय रोज?"

आईचा पदर डोक्यावरून खाली आला होता. तिने तो सावरला नाही. ती आबांकडे वळली आणि माझ्याकडे न पाहता बोलली.

"मामा, मला ते कपाळ वाटलं."

आबांनी टोपण तिच्या हातातून घेतले, बोटाने भोक चाचपले. मग म्हणाले, "कपाळ नाय सूनबाई. नाक हाय ते."

"मग कुंकू कुठं लावायचं?"

हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला होता आणि गंभीरपणेच त्याचा विचार झाला. दामूकाकांनी फिरते चाक सुचवले. आबांनी ते नामंजूर केले, कारण फिरणाऱ्या माणसाला टिळा लावता येत नाही. धुराडे गरम होते. शेवटी टाकीची पुढची सपाट बाजू ठरली. तिथे भोक नसल्याची आबांनी दोनदा खात्री केली. आईने बोट ओले केले आणि तिथे एक लहान टिळा लावला. टोपण टाकीवर बसले. दामूकाकांनी हिसका दिला. टाकी आधी मुद्दाम काठोकाठ भरून घेतली होती. त्या दिवशी इंजिन पुन्हा बंद पडले नाही. आम्ही दिवे लागल्यावर ते हाताने बंद केले.

आकितीला घरी पुरणपोळी आणि आमरस होता. आबा जेवायला घरी आले नाहीत; त्यांनी ताट रसवंतीवर मागवले आणि दिवसभर इंजिनाशेजारी बाकावर बसून राहिले. आईची सेफ्टी पीन त्यांनी कोपरीला लावून घेतली होती. गिऱ्हाइकांना गावाचे नाव विचारून झाले की ते पीन दाखवीत आणि हकीकत सांगत. त्यांच्या सांगण्यात दोष त्यांनी स्वतः शोधला होता, टोपण खिशात मुद्दाम ठेवून. दामूकाकांनी एकदा हरकत घेतली. "दाम्या, ऊस घाल," आबा म्हणाले. दुपारी सलीमभाई जालन्याहून परत जाताना थांबले. त्यांना टोपण दाखवले. त्यांनी टोपण पाहिले, परातीतले तांबूस घासलेट आठवले आणि कपाळाला हात लावला. "हवा तो मैं बोलाच था," ते म्हणाले. मग म्हणाले, "मगर भाभी का कुंकू नहीं बोला था." ते फुल ग्लास रस प्यायले, लिंबू जास्त घालून.

संध्याकाळी आबांनी जुन्या चरकावर गोणपाट टाकले. घरी आल्यावर हातपाय धुताना ते आईला म्हणाले, "सूनबाई, सोमवारी पोरीला डब्यात काय देनार?"

"धपाटे," आई म्हणाली.

त्या पिनेचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. आबा गेल्यावर त्यांच्या कोपरीत ती नव्हती. आई अजून आहे. मी हे प्रकरण लिहिते आहे म्हटल्यावर तिने फोनवर एकच दुरुस्ती सांगितली, की पाचव्या दिवशी ताटात नारळ एक नव्हे, दोन होते. दुसरा मी पाहिलेला नाही, म्हणून वर तो घातलेला नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने मी शहरात गेले. क्लासमध्ये माझ्या वाट्याला खिडकीजवळचे मशीन आले. संध्याकाळी परतीच्या गाडीतून रसवंतीसमोर उतरले तेव्हा घुंगरे वाजत होती. हौशा बांधावरच्या लिंबाखाली बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहत होता.